मॅटॅडोर, गंज आणि थंडी: परत न्यायची तर कुठल्या सालात?

मंडळी, दिवाळीपासून शनिवार-रविवार मी कुठे गायब असतो असं बऱ्याच जणांनी विचारलं. एकदाचं लिहूनच टाकतो. ट्रेक नाही, मुली बघणं नाही (आईची कितीही इच्छा असली तरी). मी कळंबोलीला असतो. स्टील मार्केटजवळ ओळखीतल्या एकाचा गाळा आहे. त्याच्या मागच्या अर्ध्या भागात माझ्या काकांची १९८६ सालची मॅटॅडोर उभी आहे. ती परत रस्त्यावर यावी म्हणून मी, काका आणि डेंटिंग-पेंटिंगवाले एक मिस्त्री अशी आमची तीन माणसांची टीम राबतेय.

सोमवार ते शुक्रवार ऐरोलीत बसून दुसऱ्या कुणीतरी दहा वर्षांपूर्वी लिहिलेला कोड दुरुस्त करायचा आणि वीकेंडला चाळीस वर्षांपूर्वीचा पत्रा. म्हणजे माझ्या आयुष्यात नवीन असं काहीच नाही :-)

पण हा लेख गाडी दुरुस्तीचा नाही. काम करता करता एक प्रश्न आडवा आला. जुनी वस्तू "पूर्वीसारखी" करायची म्हणजे नक्की कुठल्या सालासारखी? त्याचं उत्तर शोधताना हॅम्बुर्ग, आकुर्डी, मस्जिद बंदर आणि वाशी असा बराच फेरफटका झाला. आज तोच सांगतो.

चाकांवरचं घर: त्यांचं आणि आपलं

आधी एक खुलासा. आमची मॅटॅडोर नुसती मालाची गाडी नाही. काकांनी तिच्यात झोपायच्या फळ्या, स्टोव्हची जागा, पाण्याचा पिंप असं सगळं बसवून घेतलं होतं. हल्ली ज्याला लोक कॅम्पर व्हॅन म्हणतात आणि ज्याचे व्हिडिओ बघून उसासे टाकतात, ते काकांनी तीस वर्षांपूर्वी करून ठेवलं होतं. फक्त त्याला काही नाव असतं हे त्यांना ठाऊक नव्हतं.

पाश्चात्त्य देशांत या प्रकाराचा इतिहास नीट नोंदलेला आहे. ब्रिटिश नौदलात डॉक्टर असलेले आणि पुढे मुलांसाठी साहसकथा लिहिणारे विल्यम गॉर्डन स्टेबल्स यांनी १८८५ साली ब्रिस्टलच्या एका वॅगन कारखान्याकडून 'वाँडरर' नावाची घोड्यांची घरगाडी बनवून घेतली आणि तिच्यातून थेट स्कॉटलंडमधल्या इन्व्हरनेसपर्यंत प्रवास केला. केवळ हौसेसाठी बनवलेली ही पहिली कॅरॅव्हॅन मानतात. त्याआधीही चाकांवर घरं होतीच, पण ती सर्कसवाल्यांची आणि रोमा लोकांची. म्हणजे ज्यांना दुसरं घर नव्हतं त्यांची. स्टेबल्सने केलं काय, तर गरिबाची गरज श्रीमंताची हौस म्हणून मांडली.

अमेरिकेत १९३० च्या दशकात ही चाकं उलटी फिरली. १९३६ साली वॉली बायमच्या एअरस्ट्रीम कंपनीने 'क्लिपर' हा चकचकीत अॅल्युमिनियमचा ट्रेलर आणला, तो हौशी लोकांसाठी. पण त्याच महामंदीच्या काळात नोकऱ्या गेलेली अनेक कुटुंबं असल्याच ट्रेलरमध्ये कायमची राहायला गेली होती. एकाच वस्तूत कुणी सुट्टी घालवत होतं, तर कुणी संसार.

आपल्याकडे? महाराष्ट्र सरकारने कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं ते २०२१ साली. पण चाकांवरचा संसार आपल्याला नवा नाही. दसरा झाला की बीड भागातून ऊसतोड कामगारांची कुटुंबं बैलगाड्यांतून, ट्रकमधून, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांतून भांडीकुंडी, कोंबड्या, पोरंबाळं घेऊन कारखान्यांकडे निघतात. आषाढी वारीत प्रत्येक दिंडीमागे ट्रक असतो. त्यात तंबू, शिधा, गॅसची शेगडी, वारकऱ्यांच्या पिशव्या. पहिल्यात नाइलाज आहे, दुसऱ्यात भक्ती. हौस दोन्हींत नाही. काकांची मॅटॅडोर या सगळ्याच्या मधे कुठेतरी बसते, आणि म्हणूनच मला ती इतकी आवडते.

टेम्पो हे कंपनीचं नाव होतं

"टेम्पो बोलाव" असं म्हणताना आपण एका जर्मन कंपनीचं नाव घेतोय, हे मला इंजिनिअरिंग होईपर्यंत माहीत नव्हतं. तुम्हाला माहीत असेल तर माफ करा आणि पुढच्या परिच्छेदावर उडी मारा.

हॅम्बुर्गला १९२० च्या दशकात विडाल कुटुंबाने 'टेम्पो' नावाने तीनचाकी मालगाड्या बनवायला सुरुवात केली. त्यांचं नशीब उघडलं ते एका सरकारी नियमामुळे. १९२८ पासून जर्मनीत २०० सीसीपर्यंतच्या आणि चारपेक्षा कमी चाकांच्या गाडीला ना लायसन्स लागायचं ना कर भरावा लागायचा. छोटा दुकानदार घोडागाडी सोडून तीनचाकीकडे वळला. एखादं मशीन इतिहासात टिकतं ते कधीकधी त्याच्या इंजिनामुळे नाही, नियमातल्या फटीमुळे. आमच्या क्षेत्रातही असंच चालतं, असो.

युद्धानंतर, १९४९ साली टेम्पोने चारचाकी 'मॅटॅडोर' आणली. मॅटॅडोर म्हणजे स्पेनमधला बैलांशी झुंजणारा. सुरुवातीच्या मॅटॅडोरमध्ये इंजिन होतं फोक्सवॅगनचं, बीटल गाडीतलं. पुढच्याच वर्षी, १९५० साली, फोक्सवॅगनने स्वतःची व्हॅन बाजारात आणली. तीच ती हिप्पींची लाडकी, जगभरच्या पोस्टरांवर आणि टी-शर्टांवर दिसणारी. मग आपलं इंजिन प्रतिस्पर्ध्याला कोण कशाला देत राहील? टेम्पोला दुसरीकडून इंजिनं शोधावी लागली. फोक्सवॅगनची व्हॅन दंतकथा झाली आणि मॅटॅडोर हमाली करत राहिली. पण दोघींचा फरक बघा. फोक्सवॅगनचं इंजिन मागे, त्यामुळे मागून माल भरायला त्याचा उंचवटा आडवा. मॅटॅडोरला ओढणारी चाकं पुढची. मागच्या चाकांपर्यंत जाणारा प्रोपेलर शाफ्टच नाही, त्यामुळे तळ सपाट आणि जमिनीला लागून. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

इकडे भारतात नवलमल फिरोदिया हे नगरचे वकील, स्वातंत्र्यचळवळीत तुरुंगात जाऊन आलेले. भारतात ऑटोरिक्षा आणणाऱ्यांमध्ये त्यांचं नाव पहिल्या ओळीत घेतलं जातं. १९५८ साली विडालच्या सहकार्याने 'बजाज टेम्पो' सुरू झाली आणि मुंबईत गोरेगावला 'हॅन्सीट' ही तीनचाकी तयार व्हायला लागली. पुढे कारखाना पुण्याजवळ आकुर्डीला गेला, आणि १९६९ पासून मॅटॅडोर इथे बनू लागली. जर्मनीत तोवर टेम्पो कंपनी आधी हानोमागच्या आणि मग डाइम्लर-बेंझच्या पोटात गडप झाली होती. १९७७ च्या सुमारास तिकडे ही व्हॅन बंद झाली. आपल्याकडे मात्र ती विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत बनत राहिली. आईचं घर मोडलं तरी मुलगी सासरी नांदत होती, असं म्हणा हवं तर.

१९८७ साली 'ट्रॅव्हलर' आली, आणि आजही लग्नाचं वऱ्हाड तिला टेम्पो ट्रॅव्हलरच म्हणतं. २००५ साली कंपनीने नाव बदलून 'फोर्स मोटर्स' केलं. त्याच वर्षी टाटांची 'एस', म्हणजे आपला छोटा हत्ती, बाजारात आला आणि गल्लीबोळातला माल त्याच्याकडे गेला. कंपनीच्या नावातून टेम्पो गेला, पण मराठीतून काही गेला नाही. आज छोट्या हत्तीलासुद्धा लोक टेम्पोच म्हणतात.

१९६९ ची दुसरी गोष्ट

मॅटॅडोर आकुर्डीत आली त्याच १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. डोक्यावर-पाठीवर ओझी वाहणाऱ्या कामगारांना मालक ठरलेला नसतो. आज या पेढीचा माल, उद्या त्या. त्यामुळे पगार, रजा, प्रॉव्हिडंट फंड यातलं काहीच नाही. अण्णासाहेब पाटलांच्या नेतृत्वाखाली माथाडींनी लढा दिला आणि कायद्याने त्यांच्यासाठी मंडळं आली. मालकाने मजुरी आणि त्यावरची लेव्ही मंडळात भरायची, मंडळाने ती कामगाराला द्यायची. कागदावर एवढं साधं वाटतं. पण रोज संध्याकाळी मजुरीसाठी मुकादमापुढे उभं राहणाऱ्या माणसाला विचारा ते किती मोठं होतं.

काका त्यातलेच. सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यातून १९७४ साली मुंबईला आले आणि मस्जिद बंदरला दाणाबंदरात लागले. पोती शंभर-शंभर किलोची. पंचविशीतच पाठीचा मणका बोलायला लागला, असं ते सांगतात.

मग शहरच हललं. चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६० च्या दशकाच्या मध्यात मांडलं होतं की मुंबई उत्तरेला लांबच लांब ताणण्यापेक्षा खाडीपलीकडे नवं शहर वसवा. १७ मार्च १९७० ला सिडको स्थापन झाली. १९७३ ला ठाणे खाडीवरचा पूल झाला. पण नुसत्या पुलाने आणि नकाशाने शहर होत नाही, लोकांना यायला कारण लागतं. मुंबईच्या मधोमध तुंबलेले घाऊक बाजार वाशी-तुर्भ्याला हलवायचे हे त्यातलं एक मोठं कारण. १९८० च्या दशकात कांदा-बटाटा आला, नव्वदीत धान्य, मसाले, फळं, भाजी. माथाडींसाठी कोपरखैरण्यात घरं झाली. मानखुर्द-वाशी लोकल सुरू झाली ती १९९२ च्या मे महिन्यात. त्याआधी आलेल्यांचा संसार कशातून आला? बहुतेकांचा टेम्पोतून.

नवी मुंबईचा इतिहास लिहिताना आपण आर्किटेक्टांची नावं लिहितो, पुलाची तारीख लिहितो. ते बरोबरच आहे. पण या शहराची कपाटं, गाद्या, तुळशीची कुंडी आणि शोकेसमधला ताजमहाल हे सगळं खाडी ओलांडून कुणीतरी आणलं ना? तो माणूस कुठल्याच पुस्तकात सापडत नाही.

काकांनी हे चित्र वेळेवर ओळखलं. १९९१ साली, बाजार हलायच्या गडबडीत, त्यांनी पाच वर्षं वापरलेली ही मॅटॅडोर हप्त्यावर घेतली. मी विचारलं, हीच का? म्हणाले, "आरं, हिचा तळ खाली हाय. पोतं चढवायला कमरेतनं वाकायला लागत न्हाई. माझ्या पाठीनं पसंत केली ही गाडी."

हॅम्बुर्गच्या इंजिनिअरने पुढची चाकं ओढती का ठेवली, याचं एवढं चांगलं उत्तर मला कुठल्याच मॅन्युअलमध्ये मिळालं नव्हतं.

देवदारी फळ्या

सहा दिवस मार्केटचा माल, घरसामान, कधी मंडपाचं सामान. वर्षातून दोनदा मात्र गाडी स्वतःसाठी. काकूंना फिरायची भारी हौस. लॉजचे पैसे परवडायचे नाहीत आणि सात-आठ जणांचं तिकीट काढून एसटीत जागा मिळायची नाही. म्हणून काकांनी १९९३ साली अँगलची चौकट वेल्ड करून घेतली आणि तिच्यावर फळांच्या पेट्यांच्या देवदारी फळ्या टाकल्या. सोमवारी सकाळी फळ्या काढल्या की गाडी परत मालाला मोकळी. दाराच्या बाजूला रॉकेलच्या स्टोव्हसाठी तीन बाजूंनी पत्रा, म्हणजे वाऱ्याने विझायला नको. मागे पिंप, त्याला बेसिनची तोटी.

यातून अष्टविनायक झालं, पंढरपूर झालं, जोतिबा, गणपतीपुळे. दर मे महिन्यात पाटण. मी चार-पाच वर्षांचा असताना शेवटच्या काही सहलींना होतो. आठवतं एवढंच की रात्री टपावर पावसाचा आवाज यायचा आणि फळ्यांना आंब्याचा वास होता.

धंद्यातून गाडी गेली छोटा हत्ती आल्यावर. काकांनी ती विकली नाही, उभी ठेवली. गेल्या वर्षी भंगारवाला भाव सांगून गेला. काका दोन दिवस काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मला फोन केला, "तुला येल का, बघ जरा." काकू जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती.

थंडीतच का?

अमेरिकेत जुने ट्रेलर दुरुस्त करणाऱ्यांचं थंडीशी वैर असतं. बर्फ पडायच्या आत पाण्याच्या नळ्या रिकाम्या करायच्या, नाहीतर पाणी गोठून त्या फुटतात. रंगकामाला गॅरेज तापवून घ्यावं लागतं. आपल्याकडे बरोब्बर उलटं. कोकणपट्टीत पत्र्याचं काम करायचं तर दिवाळी ते होळी एवढाच काळ.

कारण दमट हवा. रंगातला थिनर भर्रकन उडतो, उडताना पत्र्याचा पृष्ठभाग गार करतो, आणि हवेत बाष्प जास्त असेल तर ते त्या गार थरावर बसतं. रंग पांढुरका पडतो. पावसाळ्यात तर विचारच नको. डिसेंबर-जानेवारीत वारा जमिनीकडून येतो, कोरडा असतो, आणि रंग बसतो. तरी सकाळी पत्र्यावर दव असतंच, कारण पहाटे पारा पंधरा-सोळापर्यंत उतरतो. मिस्त्रींचा नियम: अकराच्या आत गन हातात घ्यायची नाही आणि चारनंतर चालवायची नाही. म्हणजे दिवसाचे पाच तास, आठवड्याचे दहा, त्यात माझा अर्धा तास चहा.

खाडीच्या खाऱ्या हवेने पत्र्याची काय अवस्था केली होती ते विचारू नका. टपाची पन्हळ, बाजूच्या दाराखालचा पट्टा, चाकांवरच्या कमानी, सगळं सडलेलं. वरून रंग ठीक दिसायचा, बोट लावलं की बिस्किटासारखा चुरा. आधीच्या कुणीतरी गंज न काढता वर लांबी भरली होती. (याला आमच्याकडे "हॉटफिक्स" म्हणतात. पाच वर्षांनी दुसरा कुणीतरी रडतो.) सडलेला भाग कापायचा, नवा पत्रा ठोकून वेल्ड करायचा, रेड ऑक्साइड, मग लांबी, घासणे, परत लांबी, परत घासणे.

इंजिन त्या मानाने समजूतदार निघालं. गाडीत आज आहे ते मर्सिडीजच्या ओएम ६१६ घराण्यातलं २.४ लिटरचं डिझेल इंजिन. बजाज टेम्पोने १९८० च्या दशकात ते परवान्यावर बनवायला घेतलं होतं. जर्मनीत याच घराण्यातलं इंजिन मर्सिडीजच्या टॅक्सींत धावायचं. डिझेलला स्पार्क प्लग नसतो. हवा सुमारे २१ पट दाबून इतकी तापवायची की डिझेल आपोआप पेटतं. पण इंजिन गार असेल तर ती ऊब धातूच पिऊन टाकतो, म्हणून ग्लो प्लग. ड्रायव्हर लोक त्याला "हीटर देणं" म्हणतात. जानेवारीतल्या एका सकाळी काकांनी किल्ली अर्धी फिरवली, डोळे मिटून मनातल्या मनात वीसपर्यंत मोजलं आणि मग स्टार्टर मारला. तिसऱ्या झटक्याला गाळाभर पांढरा धूर झाला. शेजारचे स्टीलवाले काय पेटलं म्हणून पळत आले.

माझी चूक

आता जे सांगायचं टाळत होतो ते.

रंग खरवडताना थर दिसायला लागले. सगळ्यात वर पांढरा, त्याखाली क्रीम, त्याखाली आकाशी. कोडचा जुना इतिहास उलगडत जावा तसं. आकाशी म्हणजे १९८६, हे मी ठरवून टाकलं. मला तिथपर्यंत जायचं होतं. जुने फोटो जमवले, कुठला स्क्रू मूळचा आणि कुठला नंतरचा याची एक्सेल शीट केली. फळ्यांची चौकट कापून काढायची हेही मनात पक्कं होतं. "ओरिजिनल" हा शब्द त्या दिवसांत मी किती वेळा उच्चारला असेन, कोण जाणे.

डिसेंबरच्या तिसऱ्या शनिवारी काका डॉक्टरकडे गेले होते. मिस्त्री बाहेर वेल्डिंग करत होते. मी आतली बाजू घ्यायला घेतली. ड्रायव्हरच्या सीटमागच्या पत्र्यावर जुन्या ऑइल पेंटने काहीतरी बारीक लिहिलेलं होतं, अर्धं काजळीने झाकलेलं. मला वाटलं मालाचा हिशोब असेल. ग्राइंडरला वायर ब्रश लावला आणि दहा मिनिटांत पत्रा चकचकीत केला.

दुपारी काका आले. आत चढले, उभे राहिले, त्या पत्र्यावरून हात फिरवला आणि खाली उतरले. काही बोलले नाहीत. संध्याकाळी चहा पिताना मीच विचारलं. काकू प्रत्येक सहलीनंतर तिथे लिहायच्या. गावाचं नाव, साल, गाडीच्या मीटरचा आकडा आणि बरोबर कोण कोण होतं. १९९३ पासूनचं सगळं.

कामाला हात लावायच्या आधी फोटो काढायची माझी सवय, तेवढीच कामी आली. एका फोटोच्या कोपऱ्यात तो पत्रा तिरका आला होता. मोठा करून करून चार ओळी लागल्या. बाकीच्या गेल्या. बॅकअप नाही. मी म्हटलं, काका तुम्ही सांगा, आठवेल ते परत लिहून घेऊ, चांगल्या पेंटरकडून. ते म्हणाले, "गावं मला पाठ हायत. ते तुझ्या काकूचं अक्षर हुतं."

कायद्याच्या भाषेत आणि आमच्या

त्यानंतर दोन आठवडे मी "ओरिजिनल" या शब्दाच्या मागे लागलो. २०२१ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने विंटेज गाड्यांचे नियम आणले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात जपलेली, मोठी फेरफार न झालेली खासगी दुचाकी-चारचाकी असेल तर ती विंटेज. तिला वेगळी नंबरप्लेट, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. पहिल्या नोंदणीची फी २०,००० रुपये. आणि ती रोज वापरायची नाही, धंद्याला लावायची नाही. प्रदर्शन, रॅली एवढ्यापुरतीच.

नियम चुकीचा आहे असं मला म्हणायचं नाही. कुठेतरी रेघ मारावीच लागते. पण ही रेघ कुणाच्या बाजूने पडते ते बघा. पन्नास वर्षं मूळ रूपात कुठली गाडी राहते? जिच्याकडून कुणी काम करून घेतलं नाही ती. महाराजांची रोल्स-रॉइस राहते, शेठजींची ब्युइक राहते. टेम्पो कसा राहील? त्याला इंजिन बदलावं लागतं, पत्रा ठोकावा लागतो, मालकाच्या गरजेप्रमाणे अँगल वेल्ड करावे लागतात. राबणाऱ्या वस्तूला मूळ रूप परवडत नाही. म्हणूनच रस्त्यावर इतक्या दिसणाऱ्या मॅटॅडोर बघता बघता भंगारात गेल्या.

आणि मी स्वतः काय करत होतो? नेमकं तेच. कारखान्यातून निघाली तो क्षण खरा आणि नंतरची चाळीस वर्षं म्हणजे बिघाड, असं धरून चाललो होतो. १९८६ ची आकाशी मॅटॅडोर पाहिलेला आमच्या घरात एकही माणूस नाही. काकांनी घेतली तेव्हाच ती क्रीम रंगाची होती. माझ्या त्या "ओरिजिनल"मध्ये काका नव्हते, काकू नव्हत्या, मार्केट नव्हतं, नवी मुंबईही नव्हती. होतं फक्त एक मॉडेल, ज्याची माहिती कुठेही मिळते. जे कुठेच मिळणार नव्हतं ते मी वायर ब्रशने काढून टाकलं.

मग ठरवलं. साल १९९३. रंग क्रीम. अँगलची चौकट राहील, फक्त सडलेले दोन पाय बदलू. देवदारी फळ्या तुर्भ्याच्या मार्केटमधून काका स्वतः निवडून घेऊन आले. स्टोव्हचा आडोसा राहील. इंजिन राहील. मीटरमागच्या वायरिंगला हात लावायचा नाही अशी काकांची तंबी आहे, कारण ते त्यांनाच कळतं.

ड्रायव्हरच्या सीटमागचा तो पत्रा मात्र आम्ही रंगवला नाही. मिस्त्रींनी विचारलं तर काका म्हणाले, राहू द्या. नुसता रेड ऑक्साइडचा हात दिलाय, गंज चढू नये म्हणून. चार ओळींचा फोटो मी प्रिंट करून काकांना दिला. तो त्यांनी गाडीत लावला नाही, घरी देवघराशेजारी ठेवलाय. मला वाटतं तेच बरोबर आहे.

परवाच्या रविवारी क्रीम रंगाचा शेवटचा हात झाला. हवा आता बदलायला लागली आहे, दुपारी घाम येतो, वारा खाडीकडून सुटतो. मिस्त्री म्हणाले आठ दिवस उशीर झाला असता तर दिवाळीपर्यंत थांबावं लागलं असतं. कागदपत्रांचं काम अजून बाकी आहे. फिटनेस, परत नोंदणी, हेलपाटे. रस्त्यावर यायला किती महिने लागतील ते काका विचारत नाहीत आणि मी सांगत नाही. रोज संध्याकाळी येऊन ते हीटर देतात, वीस मोजतात, पाच मिनिटं इंजिन चालवतात आणि बंद करतात.

असो. लेख लांबला. एकच सांगतो आणि थांबतो. तुमच्या घरी काही जुनं असेल, गाडी, शिलाई मशीन, बाबांची डायरी, काहीही, आणि ते "नीट" करायला घेणार असाल तर आधी फोटो काढा. सगळ्या बाजूंनी. आणि ज्यांनी ते वापरलं त्यांना शेजारी बसवून विचारा, यातलं काय काय तुमचं आहे? मी हे काम संपत आल्यावर विचारलं. ते पहिल्या दिवशी विचारायला हवं होतं.